हातचा अर्धा गुण जाऊ नये म्हणून

शनिवार-रविवारच्या रेटिंग स्पर्धेत चौथी-पाचवी फेरी संपत आली की हॉलबाहेरच्या व्हरांड्यात तेच प्रश्न पुन्हा पुन्हा कानावर येतात. "मी तीनदा शह दिला, तरी पंच डाव बरोबरीत का सोडवत नाहीत?" "माझ्याकडे नुसता राजा उरला होता, त्याच्या सोळा चाली मी मोजल्या, तरी पंच म्हणाले खेळत राहा." "मी ड्रॉ विचारला, समोरची काही बोललीच नाही. आता पुन्हा विचारायचं का?" विचारणारा कधी सहावीतला मुलगा असतो, कधी निवृत्तीनंतर पुन्हा पटाकडे वळलेले काका, आणि बऱ्याचदा डबा-पाण्याची बाटली घेऊन बाहेर बसलेले आईवडील. यांतले बरेच जण चांगले खेळतात. ओपनिंगच्या पंधरा चाली पाठ असतात. बरोबरीचे नियम मात्र कुणी समोर बसवून शिकवलेले नसतात, आणि तीन तास झुंजून राखलेला अर्धा गुण शेवटच्या दोन मिनिटांत जातो.

इथे दिलेले नियम जागतिक बुद्धिबळ महासंघाच्या, म्हणजे फिडेच्या, १ जानेवारी २०२३ पासून लागू झालेल्या नियमावलीतले आहेत. फिडे रेटिंगच्या स्पर्धा याच नियमांवर चालतात. आयोजकांना काही जादा अटी घालता येतात, त्यामुळे स्पर्धेचे माहितीपत्रक बक्षिसांच्या तक्त्यापाशी न थांबता शेवटपर्यंत वाचा.

आधी हे ओळखा: बरोबरी झाली आहे, की ती मागावी लागणार आहे?

सगळा गोंधळ इथून सुरू होतो. काही स्थितींत डाव त्याच क्षणी संपतो, कुणी काही बोलायची गरज नसते. काही स्थितींत तुम्हाला फक्त हक्क मिळतो, आणि तो तुम्ही वापरला नाहीत तर डाव चालूच राहतो.

आपोआप संपणारे डाव असे:

- स्टेलमेट. ज्याची पाळी आहे त्याच्या राजाला शह नाही, पण त्याच्याकडे एकही नियमाला धरून चाल उरलेली नाही.
- मात अशक्य. दोघांपैकी कुणालाही, कितीही चाली केल्या तरी, मात करणे शक्य नाही. उदाहरणार्थ राजा विरुद्ध राजा, राजा-उंट विरुद्ध राजा, राजा-घोडा विरुद्ध राजा.
- तीच स्थिती पाचव्यांदा आली.
- दोघांच्याही ७५-७५ चाली एकही प्यादे न हलता आणि एकही मोहरा न मारला जाता झाल्या. शेवटच्या चालीने मात झाली असेल तर मात ग्राह्य धरतात.

मागून मिळणाऱ्या बरोबऱ्या एरवी दोनच: तीच स्थिती तिसऱ्यांदा येणे आणि ५० चालींचा नियम. आणि दोघांच्या संमतीने होणारी बरोबरी ही वेगळी गोष्ट.

आता सुरुवातीच्या प्रश्नांतले दोन समज. "तीन शह म्हणजे बरोबरी" असा नियमच नाही. सततच्या शहांतून सुटका नसेल तर तीच स्थिती पुन्हा पुन्हा येते, आणि ती तिसऱ्यांदा आली की तुम्ही दावा करता. दावा स्थितीचा असतो, शहांच्या संख्येचा नव्हे. "एकटा राजा उरला की सोळा चालींत मात करा" हा घरोघरी आजोबांनी शिकवलेला नियमही स्पर्धेत चालत नाही. तिथे आकडा ५० आहे.

प्रस्ताव कसा द्यायचा

क्रम लक्षात ठेवा: आधी पटावर चाल करा, मग "ड्रॉ?" असे हळू पण स्पष्ट विचारा, मग घड्याळ दाबा. लगेच स्कोअरशीटवर त्या चालीपुढे कंसात बरोबरचे चिन्ह (=) लिहा. ते दोघांनीही लिहायचे असते. समोरचा खेळाडू चेन्नईचा असो की कोलकात्याचा, "ड्रॉ" हा एक शब्द पुरतो.

प्रस्ताव एकदा दिला की मागे घेता येत नाही. घड्याळ दाबल्यावर तुम्हाला एकदम जिंकणारी चाल दिसली, तरी समोरच्याला आपल्या वेळात हवा तेवढा विचार करून "हो" म्हणण्याचा पूर्ण अधिकार आहे. तो तोंडाने नाही म्हणाला, किंवा चाल करण्यासाठी त्याने मोहऱ्याला हात लावला, की प्रस्ताव संपला. म्हणून समोरची काही बोलली नाही तर गोंधळू नका. गप्प राहून ती विचार करते आहे, आणि तिने चाल केली की ते उत्तर मिळालेच. प्रस्तावाला अटही घालता येत नाही. "तू घोडा परत नेलास तर ड्रॉ" याला नियमात जागा नाही.

समोरच्याने तुम्हाला प्रस्ताव दिला, पण चाल न करताच दिला, तर घाई करू नका. "आधी चाल करा" म्हणा. प्रस्ताव उभाच राहतो, आणि त्याची चाल पाहून ठरवण्याची सोय तुम्हाला मिळते. हा तुमचा हक्क आहे. पुष्कळ मुले संकोचून लगेच उत्तर देऊन टाकतात.

तुम्ही विचारात असताना कुणी ड्रॉ विचारला, किंवा दर चार चालींनी विचारत राहिला, तर तो त्रास देण्याचाच प्रकार ठरू शकतो. त्याच्याशी वाद घालू नका. घड्याळ थांबवा, हात वर करा, पंचांना सांगा. ते समज देऊ शकतात, दंड म्हणून वेळेत फेरफारही करू शकतात.

माहितीपत्रकात पाहायची एक अट: ठरावीक चालींआधी संमतीने बरोबरी चालणार नाही, असे आयोजक लिहू शकतात. २००५ साली सोफियातल्या एम-टेल मास्टर्स स्पर्धेने खेळाडूंनी आपापसात बरोबरी ठरवण्यावरच बंदी घातली, तेव्हापासून अशा अटींना "सोफिया नियम" म्हणतात. अशी अट असेल आणि तुम्ही दोघांनी वीस चालींत हात मिळवले, तर पंच तुम्हाला परत खेळायला बसवू शकतात.

हात मिळवण्याआधी

हे मी वेगळे लिहितो आहे, कारण लहान मुलांच्या गटात यावरून झालेली रडारड मी डोळ्यांनी पाहिली आहे. एक मुलगा हात पुढे करतो. त्याच्या मनात बरोबरी असते. समोरच्याला वाटते, हा हरलो म्हणतोय. दोघे हात मिळवतात, मोहरे परत लावून टाकतात, आणि पंचांपुढे दोन वेगवेगळे निकाल सांगतात. पट मोडलेला असतो, साक्षीदार नसतो.

म्हणून मुलांना घरी हे चार वेळा करून दाखवा: आधी "ड्रॉ" हा शब्द बोलायचा, समोरच्याकडून "हो" ऐकायचे, घड्याळ थांबवायचे, दोन्ही स्कोअरशीटवर अर्धा-अर्धा लिहून दोघांनी सह्या करायच्या, आणि त्यानंतरच मोहरे हलवायचे. सही केलेला निकाल चुकीचा असला तरी, पंचांनी वेगळा निर्णय दिला नाही तर, तोच कायम राहतो. सहीचे महत्त्व दहा वर्षांच्या मुलालाही कळते, फक्त कुणीतरी सांगायला हवे.

तीच स्थिती तिसऱ्यांदा: सर्वांत जास्त अर्धे गुण इथे जातात

"तीच स्थिती" म्हणजे काय, हे आधी पक्के करा. तीन गोष्टी जुळायला हव्यात:

- चाल करायची पाळी त्याच खेळाडूची.
- तेच मोहरे त्याच घरांवर. (दोन हत्तींनी आपसात जागा बदलली तरी फरक पडत नाही.)
- दोघांनाही उपलब्ध असलेल्या चाली त्याच. पहिल्या वेळी किल्लेकोटाचा हक्क होता आणि मध्ये राजा हलून परत आला, तर ती स्थिती दिसायला तीच असली तरी वेगळी मोजायची. पहिल्या वेळी एन पासाँ मारता येत होते आणि नंतर येत नाही, तरीही वेगळीच.

लागोपाठ तीनदा यायला हवी, अशी अट कुठेही नाही. चालीही त्याच असायची गरज नाही. याचे माझ्या आवडीचे उदाहरण १९७१ सालचे. ब्यूनस आयर्सला बॉबी फिशर आणि तिग्रान पेट्रोस्यान यांच्यात जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवणारी लढत चालली होती. तिसऱ्या डावात पेट्रोस्यान वरचढ होता. फिशरचा वजीर ३० व्या, ३२ व्या आणि ३४ व्या चालीला एकाच घरावर आला, पण मधल्या वाटा निराळ्या होत्या: एकदा तो पटाच्या कडेला जाऊन परतला, एकदा मधूनच. पेट्रोस्याननेही एकदा वजीर हलवून मागे आणला, दुसऱ्या वेळी हत्ती. चाली वेगळ्या असल्या तरी स्थिती तिन्ही वेळा तीच. फिशरने दावा केला आणि अडचणीतला डाव बरोबरीत सुटला. माजी जगज्जेत्याच्या नजरेतून जे सुटू शकते, ते तुमच्या-माझ्या नजरेतून सुटले तर वाईट वाटून घेऊ नका, पण स्कोअरशीट मात्र नीट लिहा.

दावा फक्त तुमची पाळी असताना करता येतो, आणि त्याच्या दोन वाटा आहेत.

पहिली वाट: समोरच्याच्या चालीनेच स्थिती तिसऱ्यांदा आली. तुम्ही कुठल्याही मोहऱ्याला हात न लावता घड्याळ थांबवा आणि पंचांना बोलावा.

दुसरी वाट: तुमच्या पुढच्या चालीने स्थिती तिसऱ्यांदा येणार आहे. ती चाल पटावर करू नका. ती स्कोअरशीटवर लिहा, घड्याळ थांबवा, पंचांना बोलावून सांगा: "मी ही चाल करणार आहे, आणि तिने हीच स्थिती तिसऱ्यांदा येते." एरवी चाल आधी लिहून मग खेळायला मनाई आहे. दाव्यासाठी मात्र ती सवलत आहे. लिहिलेली चाल नंतर बदलता येत नाही.

चूक कुठे होते? हाताला सवय चाल करण्याची असते. माझ्या स्वतःच्या एका डावाचे सांगतो. हत्तींचा एंडगेम होता, समोरच्याकडे एक प्यादे जास्त, आणि मी दमलो होतो. माझ्या हत्तीच्या पुढच्या चालीने स्थिती तिसऱ्यांदा येते हे मला दिसले. त्या आनंदात मी हत्ती ठेवला, घड्याळ दाबले आणि मग हात वर केला. पंच आले, शांतपणे म्हणाले, "आता पाळी त्यांची आहे, दावा तेच करू शकतात." समोरचा अर्थातच दावा करणार नव्हता. त्याने राजा दुसरीकडे वळवला आणि वीस-पंचवीस चालींनी मी हरलो. पंचांचे काहीच चुकले नव्हते. मोहऱ्याला स्पर्श झाला की त्या चालीपुरता दाव्याचा हक्क जातो, हे मला माहीत असायला हवे होते. त्या दिवसापासून असा क्षण आला की मी आधी पेन उचलतो आणि दुसरा हात मांडीवर ठेवतो. तुम्हीही ही सवय लावून घ्या.

दावा चुकला तर? घाबरण्यासारखे काही नाही. समोरच्याच्या घड्याळात दोन मिनिटे वाढवली जातात आणि डाव पुढे चालू होतो. चाल लिहून दावा केला असेल तर तीच चाल खेळावी लागते. दावा एकदा केला की मागे घेता येत नाही, आणि तो बरोबरीचा प्रस्तावही मानला जातो, म्हणजे समोरचा तिथल्या तिथे "मान्य" म्हणू शकतो. तपासणी करणे हे पंचांचे काम आहे. डाव पुन्हा मांडून पाहायची वेळ आली तर दोघांनीही त्यांना मदत करायची असते. पण ढोबळ अंदाजावर दावे ठोकत राहू नका. अवाजवी दावे हाही समोरच्याला त्रास देण्याचा प्रकार धरला जातो.

ऑनलाइन खेळणाऱ्यांसाठी एक सूचना. काही संकेतस्थळांवर तिसऱ्यांदा तीच स्थिती आली की डाव आपोआप थांबतो. प्रत्यक्ष पटावर घंटा वाजत नाही. तुम्ही बोललात तरच बरोबरी, नाहीतर पाचव्या वेळेपर्यंत डाव चालू.

५० चालींचा नियम

दोघांच्याही शेवटच्या ५०-५० चालींत एकही प्यादे हलले नाही आणि काहीही मारले गेले नाही, तर ज्याची पाळी आहे तो बरोबरी मागू शकतो. एक प्यादे एक घर जरी सरकले तरी मोजणी पुन्हा शून्यापासून. दाव्याची पद्धत वरच्यासारखीच: हात लावायचा नाही, आणि आपल्या चालीने पन्नाशी भरणार असेल तर ती आधी लिहायची.

मोजणी मनात करू नका, आकड्यांनी करा. पांढऱ्याने ६१ व्या चालीला शेवटचा मोहरा मारला असेल, तर पांढऱ्याच्या १११ व्या चालीने दोघांच्याही ५० चाली पूर्ण होतात. स्कोअरशीट संपत आली की पंचांकडून दुसरी मागून घ्या. ती मागायला लाजून शेवटच्या वीस चाली न लिहिलेल्यांना नंतर काहीच सिद्ध करता येत नाही.

हा नियम मुख्यतः दोन ठिकाणी उपयोगी पडतो: समोरच्याला उंट-घोड्याने मात करता येत नसेल तेव्हा, आणि तुमच्या एकट्या हत्तीविरुद्ध त्याच्याकडे हत्ती-उंट असतील तेव्हा. दोन्हीकडे तुमचे काम पटाच्या मध्याजवळ राहून चाली भरणे.

घड्याळ संपले म्हणजे हरलो असेच नाही

तुमचा वेळ संपला तर तुम्ही हरता. पण समोरच्याला कुठल्याही शक्य चालींच्या क्रमाने तुम्हाला मात करणे शक्यच नसेल, तर डाव बरोबरीत सुटतो. इथे "शक्य" हा शब्द अक्षरशः घ्यायचा. तुम्ही स्वतः मुद्दाम वाईट खेळलात तरी मात होऊ शकते का, असे विचारा.

- समोर नुसता राजा, किंवा तुमच्या नुसत्या राजासमोर राजा-उंट किंवा राजा-घोडा: बरोबरी.
- तुमच्याकडे वजीर आणि समोर एकच प्यादे: तुम्ही हरलात, कारण ते प्यादे वजीर होऊ शकते.
- तुमच्याकडे हत्ती, समोर एकटा घोडा: तुम्ही हरलात. तुमचाच हत्ती तुमच्या राजाची वाट कोपऱ्यात अडवू शकतो आणि घोडा मात देऊ शकतो.
- तुमचा एकटा राजा, समोर दोन घोडे: दोन घोड्यांनी जबरदस्तीने मात होत नाही हे खरे, पण मातेची स्थिती पटावर येऊ शकते. म्हणून हरलात.

शेवटच्या दोन प्रकारांवरून खूप वाद होतात. "त्याला जिंकताच येत नव्हतं" हे पटावरचे सत्य आहे, पण वेळ संपल्यावर नियम वेगळा प्रश्न विचारतो.

नियमबाह्य चालींनाही हीच मोजपट्टी आहे. क्लासिकल डावात दुसऱ्यांदा नियमबाह्य चाल केली की डाव जातो, पण समोरच्याला मात करणे शक्यच नसेल तर तिथेही बरोबरी.

दर चालीला ३० सेकंद वाढून मिळणाऱ्या डावात बरोबरीची स्थिती शांतपणे राखता येते. वेळेची वाढच नसलेल्या स्पर्धेत मात्र समोरचा तुम्हाला केवळ घड्याळावर हरवू पाहील. त्यावर उपाय आहे, पण तो आयोजकांनी आधी जाहीर केला असेल तरच, आणि ब्लिट्झमध्ये तो लागू नाही. तुमची पाळी असताना आणि वेळ दोन मिनिटांपेक्षा कमी उरलेला असताना तुम्ही पंचांना दोन्ही घड्याळांत पाच-पाच सेकंदांची वाढ बसवायला सांगू शकता. ते शक्य नसेल, तर समोरचा सरळ मार्गाने जिंकू शकत नाही किंवा तसा प्रयत्नच करत नाही, या कारणाने बरोबरी मागू शकता. फ्लॅग पडल्यावर केलेली विनंती ऐकली जात नाही. पहिल्या फेरीआधीच पंचांना विचारून ठेवा: "हा नियम आपल्याकडे आहे का?"

रॅपिडमध्ये चाली लिहिणे सक्तीचे नाही, तरी तिसऱ्या स्थितीचा किंवा ५० चालींचा दावा करण्याचा तुमचा हक्क जात नाही. अडचण पुराव्याची असते. पुनरावृत्ती सुरू झाली असे वाटताच पंचांकडून स्कोअरशीट मागून घ्या आणि लिहायला लागा, तो तुमचा अधिकार आहे. पंच जवळ उभे असतील तर आणखी बरे.

स्वीकारावी की खेळत राहावे?

इथे नियम संपतात आणि तुमचा निर्णय सुरू होतो. मी तीन गोष्टी पाहायला सांगतो, याच क्रमाने: पट, घड्याळ, गुणतक्ता. बहुतेक जण उलट्या क्रमाने पाहतात, म्हणूनच फसतात.

पट. एंडगेममधल्या काही बरोबऱ्या ओळखता आल्याच पाहिजेत, नाहीतर तुम्ही हरलेला डाव समजून सोडून द्याल. समोरच्याकडे उंट आणि कडेच्या पट्टीतले एकच प्यादे आहे, ते प्यादे जिथे वजीर होणार त्या घराचा रंग उंटाच्या रंगाच्या उलट आहे, आणि तुमचा राजा त्या कोपऱ्यात पोहोचला: तो जिंकू शकत नाही. तुमच्याकडे हत्ती, त्याच्याकडे हत्ती आणि एक प्यादे, तुमचा राजा प्याद्याच्या वाटेत: अठराव्या शतकातल्या फ्रेंच खेळाडू फिलिदोरने दाखवल्याप्रमाणे, हत्ती तुमच्या बाजूने मोजलेल्या तिसऱ्या ओळीवर ठेवा म्हणजे त्याचा राजा पुढे येऊ शकत नाही. प्यादे त्या ओळीवर आले की हत्ती पार लांब नेऊन मागून शह देत राहा. वेगवेगळ्या रंगांच्या घरांवरचे उंट असतील तर एक-दोन प्यादी कमी असूनही डाव अनेकदा वाचतो.

पण लक्षात घ्या, "पुस्तकात बरोबरी आहे" हे पंचांपुढे दाव्याचे कारण होत नाही. समोरचा मान्य करत नसेल तर ती स्थिती तुम्हाला खेळूनच राखावी लागते. १२ डिसेंबर २०२४ ला सिंगापूरमध्ये जगज्जेतेपदाच्या शेवटच्या, चौदाव्या डावात डिंग लिरेन असाच बरोबरीच्या वाटेवरचा एंडगेम राखत होता. गुकेश एका जास्तीच्या प्याद्यावर खेळत राहिला. ५५ व्या चालीला डिंगने हत्ती चुकीच्या घरावर नेला आणि जगज्जेतेपद गुकेशकडे आले. तुमच्याकडे थोडीशी सरशी आहे, धोका नाही आणि वेळ आहे, तर समोरच्याच्या प्रस्तावाला नम्रपणे नाही म्हणण्यात काहीही उर्मटपणा नाही.

घड्याळ. तुमच्याकडे पाच मिनिटे आणि समोर चाळीस असतील, स्थिती गुंतागुंतीची असेल, तर अर्धा गुण चांगला.

गुणतक्ता. शेवटच्या फेरीत अर्ध्या गुणाने बक्षीस निश्चित होत असेल तर हिशेब करा, पण टायब्रेकचा क्रम माहितीपत्रकात पाहून करा. व्हरांड्यात ऐकलेल्या अंदाजावर नको. रेटिंगचा हिशेब सोपा आहे. समोरच्याचे रेटिंग तुमच्यापेक्षा २०० ने जास्त असेल तर तुमच्याकडून अपेक्षा ०.२४ गुणाची असते. बरोबरी केली की ०.२६ जास्त मिळाले. या फरकाला ज्या आकड्याने गुणतात तो के-घटक २० असेल तर ५.२ गुण वाढतात, ४० असेल तर १०.४. नवीन खेळाडूंना पहिल्या ३० डावांपर्यंत आणि १८ वर्षांखालील, २३०० च्या आतल्या मुलांना ४० लागू असतो. २०० ने कमी असलेल्याशी बरोबरी केली तर तेवढेच वजा.

हे आकडे माहीत असावेत, पण चौदा वर्षांखालच्या मुलाने पाच रेटिंग गुणांसाठी अठराव्या चालीला ड्रॉ मागावा, याला माझा ठाम विरोध आहे. एंडगेम खेळल्याशिवाय एंडगेम येत नाही, आणि शिकायचे वय हेच. पालकांना मी हात जोडून सांगतो, फेरीच्या आधी "निदान ड्रॉ तरी कर" असे मुलांना बजावू नका. त्याचबरोबर, लढून आलेल्या बरोबरीवर नाराजही होऊ नका. नागपूरच्या दिव्या देशमुखने जुलै २०२५ मध्ये बाटुमीला महिलांचा विश्वचषक जिंकला, तेव्हा अंतिम फेरीत कोनेरू हंपीविरुद्धचे दोन्ही क्लासिकल डाव बरोबरीतच सुटले होते. निकाल रॅपिड टायब्रेकमध्ये लागला.

सांघिक स्पर्धेत कर्णधार "ड्रॉ घे" किंवा "खेळत राहा" एवढे सांगू शकतो, नियमावलीने मनाई केली नसेल तर. पटावरच्या स्थितीबद्दल एक अक्षरही बोलता येत नाही.

आधीच ठरवून केलेली बरोबरी

"आपण दोघे एकाच अकादमीचे, ड्रॉ करून टाकू" असे फेरीआधी ठरवणे हा गैरप्रकार आहे. डिसेंबर २०२३ मध्ये समरकंदच्या जागतिक ब्लिट्झ स्पर्धेत इयान नेपोम्नियाची आणि दानिल दुबोव यांनी १३ चाली फक्त घोडे नाचवून बरोबरी केली. पंचांनी दोघांनाही शून्य गुण दिले. नाव किती मोठे आहे हे तिथे पाहिले गेले नाही. दोन मित्र एकमेकांविरुद्ध आले तर खेळा. खेळून बरोबरी झाली तर कुणाची हरकत नसते.

पंचांचा निर्णय पटला नाही तर

आवाज चढवू नका, आणि मोहरे हलवू नका. पटावरची स्थिती हाच तुमचा पहिला पुरावा. निर्णयाचे कारण आणि नियमाचा क्रमांक विचारा, तो विचारायचा तुम्हाला अधिकार आहे. तरीही पटले नाही तर मुख्य पंचांकडे जा, त्यानंतर अपील करता येते. स्पर्धेच्या नियमावलीत वेगळे लिहिलेले नसेल, तर स्कोअरशीटवर सही केल्यानंतरसुद्धा अपिलाचा हक्क राहतो. अपिलाची मुदत आणि शुल्क माहितीपत्रकात असते. मुदत बहुधा फार थोडी असते, म्हणून जेवायला बाहेर पडण्याआधी अर्ज द्या.

पालकांनी आणि मित्रांनी पटाजवळ जाऊन "अरे, तिसऱ्यांदा आलंय, माग ना" असे सुचवणे म्हणजे डावात हस्तक्षेप. तुमच्या एका वाक्याने मुलाचा खरा दावाही अडचणीत येईल. काही नियमबाह्य दिसले तर ते फक्त पंचांना सांगा.

डाव संपला, सह्या झाल्या, तरी एक काम उरते. निकालाची यादी भिंतीवर लागली की तुमच्या नावापुढे अर्धा गुण आहे ना, हे पुढच्या फेरीचे पेअरिंग निघण्याआधी स्वतः पाहा. चूक असेल तर आपली स्कोअरशीट घेऊन लगेच पंचांच्या टेबलाशी जा.